कोकणातल्या प्रयोगशाळेत झेब्राफिश: विहिरीच्या पाण्यापासून दुसऱ्या पिढीच्या मोजणीपर्यंत

झेब्राफिश या लहान पट्टेरी माशाचं अंडं मादीच्या शरीराबाहेर फलित होतं आणि त्याच्या आवरणातून आतला भ्रूण आरपार दिसतो. एका पेशीपासून धडधडत्या हृदयापर्यंतचा प्रवास साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, भ्रूणाला हातही न लावता, दीड दिवसात पाहता येतो. कोंबडीच्या अंड्याला त्यासाठी खिडकी पाडावी लागते आणि उंदराचा भ्रूण तर मादी मारल्याशिवाय हाती येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी पृष्ठवंशी प्राण्यांच्या आनुवंशिकतेसाठी हा मासा निवडला. त्यांचा गाजलेला निबंध १९८१ साली आला. १९९६ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन आणि अमेरिकेतल्या बॉस्टनच्या गटांनी विकासात बिघाड असलेल्या उत्परिवर्ती माशांची मोठी यादी जगापुढे ठेवली. २०१३ मध्ये जीनोमचा तपशील प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक जुळणारं जनुक आहे असं दिसलं.

हे मार्गदर्शन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड भागातल्या कॉलेजांसाठी आहे, जिथे प्राणिशास्त्राचा किंवा मत्स्यशास्त्राचा विभाग आहे, मायक्रोस्कोप आहे, पण झेब्राफिश कधी ठेवलेला नाही. जनुकात काटछाट करण्याच्या पद्धतींना इथे थोडीच जागा दिली आहे. ज्या टाकीचं पाणी स्थिर नाही आणि ज्या अंड्यांची वेळ माहीत नाही, तिथल्या भ्रूणात दिसलेला बिघाड जनुकाचा की पाण्याचा हे कुणीच सांगू शकत नाही.

परवानगी आधी

झेब्राफिश पृष्ठवंशी आहे. प्रयोग लिहून काढा, संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे ठेवा आणि मंजुरी आल्यावरच मासे आणा. पाच दिवसांखालच्या पिल्लांना सूट आहे असं गृहीत धरू नका, समितीलाच विचारा. मत्स्यालयांच्या दुकानांत कधी कधी दिसणारे चमकत्या गुलाबी-हिरव्या रंगाचे डॅनिओ (दुकानात झेब्राफिशला याच नावाने विकतात) घेऊ नका. त्यांच्यात परक्या जीवाचं जनुक घातलेलं असतं आणि असे जीव ठेवण्यासाठी १९८९ च्या नियमांखाली वेगळी परवानगी लागते.

पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बरेचदा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. पिण्यासाठी ते उत्तम, पण माशांसाठी त्यात क्षार कमी पडतात. खाडीकाठच्या विहिरींचं उलटं असतं: एप्रिल-मे आला की पाणी मचूळ होतं. त्यामुळे एकदाच तपासून भागत नाही. पीएच मीटर आणि विद्युतवाहकता मोजणारं पेन विकत घ्या आणि दर आठवड्याला नोंद ठेवा. पीएच ७.० ते ७.८ आणि वाहकता ५०० ते ८०० मायक्रोसीमेन्स असली की मासे निवांत असतात. वाहकता १५०० च्या वर गेली तर ते पाणी वापरू नका, पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी मिसळून ती खाली आणा.

मऊ पाणी सुधारायला १० लिटरमागे २ ते २.५ ग्रॅम आयोडीन नसलेलं जाडं मीठ पुरतं. शिरोड्याच्या मिठागरातलं चालेल, फक्त आधी विरघळवून गाळून घ्या. पीएच वर आणायला १० लिटरमागे अर्धा ग्रॅम खाण्याचा सोडा घाला, रात्रभर हवा सोडा आणि सकाळी पुन्हा मोजा. एका दमात जास्त सोडा घातला की पीएच ८ च्या पुढे जातो आणि पाण्यातला अमोनिया जास्त विषारी रूपात येतो. याहून सोपा उपाय कोकणात घरोघरी आहे: तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, फोडून फिल्टरच्या डब्यात मूठभर ठेवायच्या. पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की त्या हळूहळू विरघळतात, पीएच सावरतो आणि कॅल्शियमही मिळतं.

आता सर्वांत घातक गोष्ट. पावसाळा सुरू झाला की ग्रामपंचायत विहिरींत आणि टाक्यांत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे, पण त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांची त्वचा जाळतो आणि काल ठणठणीत असलेली टाकी सकाळी तळाला गेलेली दिसते. जूनपासून पुढे प्रत्येक वेळी पाणी भरण्याआधी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करा. थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली तर क्लोरीन आहे. मग उघड्या पिंपात २४ तास जोरात हवा सोडा किंवा हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट घाला. १ मिग्रॅ क्लोरीनला सुमारे ७ मिग्रॅ हायपो लागतो. पुन्हा टेस्ट करून पिवळेपणा गेल्याची खात्री झाली की मगच पाणी टाकीत जाईल. पिंपावर भरल्याची तारीख खडूने लिहिण्याची सवय लावा.

टाकी आणि मासे

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी राहतं. साध्या स्पंज फिल्टरवर त्यात २५ मासे ठेवा, जास्त नाही. झाकण हवंच, कारण हे मासे उडी मारतात. मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालू ठेवून स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू रुजू द्या. रोज चिमूटभर खाद्य टाका. अमोनिया आणि नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. इतका धीर न धरता पहिल्याच आठवड्यात मासे सोडले तर ते तिसऱ्या आठवड्यात मरतात आणि दोष दुकानदाराला दिला जातो.

नवे मासे महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा, त्यांची जाळीही वेगळी असू दे. माशांतला एक मायकोबॅक्टेरिया माणसाच्या हातावरच्या जखमेतून आत शिरून हट्टी गाठ उठवतो, म्हणून कापलेल्या बोटाने टाकीत हात घालू नका.

विजेचा विचार आधी करा. पावसाळी वाऱ्यात लाइन तासन्‌तास जाते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो, त्यात हवा बंद पडली की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड मारू लागतात. बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप स्वस्त आहे, तो प्रत्येक टाकीला हवा. दिव्याचा टायमरही बॅटरी असलेला घ्या. चावीच्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो. तीन तास लाइन गेली की माशांची सकाळ तीन तास पुढे सरकते आणि मग अंडी दुपारी येतात.

प्रकाश १४ तास, अंधार १० तास. दिवा कॉलेज उघडल्यानंतर लागेल असं पाहा, उदाहरणार्थ सकाळी साडेआठला. अंडी प्रकाश पडल्यावर थोड्या वेळात पडतात, तेव्हा तिथे कुणीतरी हजर हवं.

अंडी मिळवणं

नर सडपातळ असतो आणि त्याच्या पोटावर पिवळसर सोनेरी झाक असते. मादीचं पोट गोल आणि रुपेरी असतं. आदल्या संध्याकाळी एका लहान टाकीत दोन माद्या आणि एक नर ठेवा, मध्ये पारदर्शक पडदा लावा आणि खाली साधारण ३ मिमी भोकांची जाळी तळापासून दोन बोटं वर बसवा. झेब्राफिश आपलीच अंडी खातात, म्हणून ती जाळीतून लगेच खाली पडली पाहिजेत. जाळी नसेल तर तळाला काचेच्या गोट्यांचे दोन थर द्या. त्या रात्री खाद्य नको.

सकाळी दिवा लागला की पडदा काढा आणि वेळ लिहा. अर्ध्या तासानंतर मासे उचला, पाणी बारीक नायलॉनच्या चहाच्या गाळणीतून गाळा, अंडी पुढे दिलेल्या भ्रूण द्रावणाने धुऊन पेट्री डिशमध्ये घ्या. चांगली मादी शंभर ते दोनशे अंडी देते. महिनाभर न वापरलेल्या मादीची पहिली खेप बहुधा खराब असते, कारण अंडी पोटातच जुनी झालेली असतात. ती टाकून द्या आणि आठवड्याने पुन्हा जोडी लावा. त्यानंतरही त्याच मादीला दर आठवडा-दहा दिवसांनीच लावा.

भ्रूण द्रावणाला ई-थ्री म्हणतात. साठपट तीव्र साठा असा करा: १ लिटर शुद्ध पाण्यात सोडियम क्लोराइड १७.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.७६ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.९ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.९ ग्रॅम. वापरताना १६.५ मिली साठा घेऊन पाणी १ लिटरपर्यंत भरा आणि पीएच ७.२ च्या आसपास आणा. बुरशी टाळायला मिथिलीन ब्लूच्या ०.१ टक्के द्रावणाचे अर्धा ते एक मिली प्रति लिटर घाला. कोकणातल्या दमट हवेत ते टाळू नका. बाटलीवरचा रेणूतल्या पाण्याचा आकडा वाचल्याशिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तोलू नका, तिथेच चूक होते.

९० मिमीच्या डिशमध्ये ३० मिली द्रावण आणि जास्तीत जास्त ५० भ्रूण. सहा ते आठ तासांनी पांढरट, दुधी झालेली अंडी उचलून टाका. एक जरी मेलेलं राहिलं तरी दुसऱ्या सकाळी डिशचं पाणी गढूळ होतं आणि शेजारचे चांगले भ्रूणही गुदमरतात. त्यानंतर द्रावण रोज बदला.

घड्याळ आणि तापमान

भ्रूणाच्या अवस्थांचं प्रमाण वेळापत्रक २८.५ °से. साठी आहे. पहिलं विभाजन पाऊण तासात होतं, पुढची दर पंधरा मिनिटांनी. दोन तासांनी ६४ पेशी, तीन तासांनी सुमारे हजार. चार तासांनी पेशींची टोपी बलकावर बसलेली दिसते आणि पुढे ती बलकावरून खाली पसरू लागते. पाच तास वीस मिनिटांच्या सुमारास ती निम्म्यावर येते. सहाव्या तासाला कडेला एका बाजूला जाडसर उंचवटा येतो, त्याला शील्ड म्हणतात. तीच पुढची पाठीची बाजू. दहाव्या तासाला बलक पूर्ण झाकला जातो आणि शेपटीची कळी दिसते. मग दर अर्ध्या तासाला सोमाइटची, म्हणजे ज्यांतून पुढे पाठीचे स्नायू आणि मणके बनतात त्या ठोकळ्यांची, एक जोडी उमटते.

चोवीस तासांच्या भ्रूणाकडे घाई न करता पाहा. पाठीत पृष्ठरज्जूची गुळगुळीत नळी, तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या व्ही आकाराचे स्नायूंचे पट्टे, डोळ्याचा पेला आणि त्यातलं भिंग, डोळ्यामागे कानाची पिशवी आणि तिच्यात दोन चकाकते ठिपके. बलकाच्या पुढच्या टोकाशी हृदयाची नळी नुकतीच हलू लागलेली असते. भ्रूण मधूनच अंग वळवतो. छत्तीस तासांनंतर शेपटीकडे नजर ठेवली तर रक्तपेशी एकेक करून धावताना मोजता येतात. माणसाच्या भ्रूणातही हीच मूळ रचना उभी राहते, म्हणून या दृश्याचं मोल आहे.

आता अडचण. आपल्या खोलीचं तापमान क्वचितच २८.५ असतं. डिसेंबरात दापोलीला रात्री बरीच थंडी पडते, मे महिन्यात दुपारी खोली ३३ ला टेकते. यासाठी एक सूत्र आहे: २८.५ अंशांना लागणारे तास भागिले (०.०५५ गुणिले तापमान, वजा ०.५७). २५ अंशांना चोवीस तासांची अवस्था यायला जवळपास ३० तास लागतात, ३१ अंशांना साधारण २१. सूत्र २५ ते ३३ अंशांतच लावा. त्याबाहेर भ्रूण नुसता मंद किंवा वेगवान होत नाही, त्याची घडणच बिघडते.

इन्क्युबेटर नसेल तर थर्माकोलच्या पेटीत पाण्याचा टब, त्यात मत्स्यालयाचा हीटर आणि वर तरंगती डिश, एवढं पुरतं. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, डिशशेजारी खरा थर्मामीटर ठेवा. उन्हाळ्यात हीटरचा उपयोग नाही. तेव्हा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पाळीने टबात ठेवाव्या लागतात.

नोंदवहीत तासांबरोबर दिसलेली अवस्थाही लिहा: 'सोमाइट १८', 'शील्ड'. नुसतं 'दुसरा दिवस' ही नोंद निरुपयोगी आहे. मायक्रोस्कोपची भिंगं पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. एका पावसाळ्यात त्यांवर बुरशीचं जाळं धरतं आणि ते पुसून जात नाही.

बिघाड दिसला, तो जनुकाचा आहे का?

हृदयाभोवती पाणी साचलेलं, वाकडी शेपटी, लहान डोकं, अंग मंद वाढलेलं. या चार गोष्टी जवळपास प्रत्येक डिशमध्ये थोड्याफार दिसतात. नवशिक्याला त्या प्रत्येकात उत्परिवर्तन दिसतं. असं ठरवण्याआधी तीन कसोट्या लावा.

पहिली: बिघाड कधी सुरू झाला? हजार पेशींच्या अवस्थेपर्यंत, म्हणजे साधारण तीन तासांपर्यंत, भ्रूण मादीने अंड्यात भरलेल्या सामग्रीवर चालतो. त्याची स्वतःची जनुकं त्यानंतर खऱ्या अर्थाने जागी होतात. तीन तासांच्या आत विभाजन वेडंवाकडं झालं असेल तर संशय जुन्या अंड्यावर, पाण्यावर किंवा मादीवर घ्या, भ्रूणाच्या जनुकांवर नाही.

दुसरी: तुलना कोणाशी? बिघडलेल्या भ्रूणाची तुलना त्याच खेपेतल्या, त्याच डिशमधल्या, त्याच अवस्थेतल्या भावंडांशीच करा. अवस्था सोमाइट मोजून ठरवा. वीस सोमाइट असलेल्या भ्रूणाचं डोकं तीस सोमाइटवाल्यापेक्षा लहान असणारच.

तिसरी, सर्वांत बळकट: आकडा. आई-बाप दोघेही एकाच अप्रभावी (जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच दिसणाऱ्या) उत्परिवर्तनाचे वाहक असतील, म्हणजे दोघांत एकेकच प्रत बिघडलेली असेल, तर चतुर्थांश भ्रूण तसे निघतात, ८० मध्ये सुमारे २०. त्याच जोडीच्या दुसऱ्या, तिसऱ्या खेपेतही तेच प्रमाण आणि तोच बिघाड, त्याच अवस्थेला दिसला पाहिजे. एका खेपेत ४० टक्के आणि पुढच्या खेपेत २ टक्के आले तर ते पाणी आहे. ट्यूबिंगेन आणि बॉस्टनचं काम याच हिशेबावर उभं होतं: रसायन दिलेल्या नरांपासून तिसऱ्या पिढीपर्यंत कुटुंबं वाढवायची आणि भावंडांच्या संकरात चतुर्थांशाचं प्रमाण शोधायचं. हे रसायन, ईएनयू, कर्करोगकारक आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते आणायचं नाही.

म्हणून या मोजणीसाठी दोन माद्यांऐवजी एक मादी आणि एक नर अशी प्रत्येक जोडी वेगळी लावा आणि प्रत्येक खेपेला वेगळा क्रमांक द्या. पाच जोड्यांची अंडी एका भांड्यात ओतली की ही तिसरी कसोटी कायमची गेली.

दुकानातल्या माशांवर पहिला संकर

खऱ्या उत्परिवर्तनासाठी परदेशातून मासे मागवण्याची गरज नाही. ठिपक्यांचा लेपर्ड डॅनिओ मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो. एकेकाळी ती वेगळी जात मानली जायची. आता माहीत आहे की तो झेब्राफिशच आहे आणि त्याच्यात कनेक्सिन ४१.८ या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आहे. हे प्रथिन शेजारच्या पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग बनवतं. रंगपेशींमधला तो संवाद बिघडला की पट्टे तुटून ठिपके होतात. पट्टा कसा उमटतो हा विकासाचाच प्रश्न आहे, म्हणून हा संकर इथे चपखल बसतो.

जुलैत ठिपक्यांचा मासा आणि पट्ट्यांचा मासा अशी जोडी लावा. नेहमीच्या लेपर्डचा गुण अप्रभावी असल्याने पहिली पिढी सगळी पट्ट्यांची यायला हवी. निम्मी ठिपक्यांची आली तर तुमचा पट्ट्यांचा मासा वाहक होता. दुकानातल्या टाकीत दोन्ही प्रकार एकत्र वाढलेले असतात, त्यामुळे हे वरचेवर होतं. ती जोडी बाजूला ठेवून दुसरी घ्या. पहिली पिढी तीन महिन्यांत वयात येते, ऑक्टोबरात तिच्यातली भावंडं आपसात लावा. पिल्लांचा मोठ्यांसारखा नक्षा तिसऱ्या आठवड्यानंतर उमटू लागतो, पण मोजणी दोन महिने पुरे झाल्यावरच करा. त्याआधी अर्धवट पट्टे ठिपक्यांसारखे दिसतात.

अपेक्षा तीनास एक. समजा ९६ मासे वाचले, ६५ पट्ट्यांचे आणि ३१ ठिपक्यांचे. अपेक्षित ७२ आणि २४. काय-वर्ग, म्हणजे अपेक्षा आणि मोजणीतला फरक जोखणारा आकडा, ४९ भागिले ७२ अधिक ४९ भागिले २४, म्हणजे सुमारे २.७. मर्यादा ३.८४ आहे, तेव्हा हा फरक योगायोगाने येण्याजोगा आहे. मोजणीआधी लहान, अशक्त मासे काढून टाकण्याचा मोह आवरा. अशा निवडीने प्रमाण बिघडतं आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

संकराचं यश पाचव्या ते बाराव्या दिवसावर ठरतं. बलक पाचव्या दिवशी संपत येतो, पिल्लू पोहायला लागतं आणि त्याचं तोंड फार लहान असतं. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं, त्याच्या तोंडात मावत नाही. दोन आठवडे आधी पॅरामेशियमचं कल्चर लावा: फवारणी न केलेला भाताचा पेंढा उकळून, थंड झाल्यावर त्या पाण्यात जुन्या कल्चरची धार. रोज दोनदा पिल्लांना द्या. भांडं पसरट, पाणी चार बोटं, लिटरमागे ३० ते ४० पिल्लं, फिल्टर नाही. नवव्या-दहाव्या दिवसापासून नुकती फुटलेली आर्टेमिया. तिच्यासाठी लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम जाडं मीठ, २८ अंश, सतत हवा आणि २४ तास. समुद्राचं गाळलेलं पाणीही चालतं, पण पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते गोडसर झालेलं असतं, तेव्हा मोजूनच वापरा. पिल्लांना देण्याआधी आर्टेमिया गोड्या पाण्याने धुवा आणि रिकामी कवचं आत जाऊ देऊ नका.

पुढे जायचं असेल तर

जनुकात मुद्दाम बदल करणारं क्रिस्पर किंवा जनुकाचं काम तात्पुरतं दाबणारं मॉर्फोलिनो, हे काम एकपेशी अवस्थेतच, म्हणजे पहिल्या पाऊण तासात सुईने सुमारे एक नॅनोलिटर द्रावण टोचून होतं. त्यासाठी जैवसुरक्षा समितीची मंजुरी आणि अनुभवी हात लागतो. तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबीत (पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या केंद्रात) शिकावा. तिथे उन्हाळी प्रकल्पासाठी अर्ज करताना वरच्या पद्धतीने ठेवलेली नोंदवही सोबत जोडा. पाण्याच्या तपासणीबद्दल अडलं तर रत्नागिरीचं शिरगाव इथलं मत्स्य महाविद्यालय जवळचं आहे.

भ्रूणांना पारदर्शक ठेवायचं असेल तर चोवीस तासांच्या आत ०.००३ टक्के पीटीयू (फिनाइलथायोयुरिया) द्या. ते रंगद्रव्य बनू देत नाही, पण थायरॉईडवरही परिणाम करतं, म्हणून हातमोजे घाला आणि न दिलेली भावंडं शेजारी ठेवा. मोठ्या माशाला शांत करायला ट्रायकेन हे भुलीचं औषध: ४०० मिग्रॅ पूड, ९७.९ मिली पाणी, २.१ मिली १ मोलर ट्रिस बफर, पीएच ७. यातले ४.२ मिली टाकीच्या १०० मिली पाण्यात. कल्ल्यांची हालचाल मंदावली की लगेच ताज्या पाण्यात परत.

प्रयोग संपल्यावर उरलेले मासे किंवा भ्रूण पऱ्यात, व्हाळात, तळ्यात कधीही सोडू नका. पश्चिम घाटातल्या वाहत्या पाण्यात मलबार डॅनिओसारखे आपले मासे आहेत आणि दुकानातल्या माशांबरोबर येणारे रोग त्यांनी कधी पाहिलेले नाहीत. मासे पुढच्या बॅचसाठी ठेवा किंवा नीतिमत्ता समितीने मान्य केलेल्या पद्धतीने ट्रायकेनच्या जास्त मात्रेत शांत करा. भ्रूण ट्रायकेनने लवकर मरत नाहीत, म्हणून त्यांना नंतर ब्लीचच्या द्रावणात ठेवावं लागतं. टाकीचं काढलेलं पाणीही ब्लीच करून, रात्रभर ठेवून मगच गटारात सोडा.